कुंडीतलं अँटिरिनम

(दृश्य: गॅलरीतली कुंडी. गुलाबी तुऱ्यावर एक काळा भुंगा.)

भुंगा खालच्या ओठावर उतरला आणि त्याच्या वजनानं फुलाचं तोंड उघडलं. आत मध आहे, पण दोन्ही ओठ इतके घट्ट मिटलेले असतात की हलक्या माश्यांना ते उघडत नाहीत. तुम्ही फूल दोन्ही बाजूंनी चिमटीत हलकेच दाबा, तेही असंच 'आ' करतं. घरातल्या लहान मुलांना हे एकदा दाखवाच.

हे अँटिरिनम, म्हणजेच स्नॅपड्रॅगन. नर्सरीत डॉग फ्लॉवर म्हणूनही मिळतं. मूळचं ते स्पेन, दक्षिण फ्रान्स या भागातलं. तिथे ते खडकांच्या कपारीत, जुन्या दगडी भिंतींच्या फटींत उगवतं. हे लक्षात ठेवलं की निम्मी निगा आपोआप समजते. भिंतीच्या फटीत पाणी साचत नाही, म्हणून साचलेलं पाणी या मुळांना सोसत नाही.

आपली काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून ठेवते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. कुंडी आठ ते दहा इंची पुरते; तळाचं भोक मोकळं हवं.

(दृश्य: तळहातावर बी.)

बी बघा, धुळीइतकं बारीक. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरायचं. मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानंच द्या. साधारण दहा ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. या वयात माती सतत ओली राहिली तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात.

(दृश्य: नखानं शेंडा खुडताना.)

आता सगळ्यात जिवावर येणारं काम. रोप तीन-चार इंचांचं झालं, पानांच्या चार जोड्या आल्या, की शेंडा खुडायचा. उमलू पाहणारं रोप खुडायला हात धजत नाही, हे मान्य. पण खुडल्यावर पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटतात आणि एका तुऱ्याच्या जागी चार-पाच तुरे येतात. खुडलं नाही तर उंच जातीचं रोप एकशिवडी वाढतं आणि वाऱ्यानं कलंडतं. कुंडीसाठी माझी पसंती वीत-सव्वा वीत वाढणाऱ्या बुटक्या जातींनाच.

ऊन पाच-सहा तास तरी हवं. पाणी सकाळी, बुंध्याशी, वरची माती सुकल्यावर. पानं ओली राहिली की तांबेरा येतो. पान उलटून बघा: खालच्या बाजूला तपकिरी भुकटीचे ठिपके दिसले, तर ती पानं लगेच काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

तुरा सुकला की खालून कापा, नवे येतात. पुणे-नाशिककडे थंडीत बहर चांगला टिकतो. मुंबई-कोकणात तो लवकर आटोपतो.

(दृश्य: सुकलेली बोंडं.)

बी हवं असेल तर शेवटचे एक-दोन तुरे राखा. वाळलेल्या बोंडाला वर तीन भोकं पडतात आणि ते हुबेहूब कवटीसारखं दिसतं. ते कागदावर झटका. मात्र बाजारातलं संकरित बी पेरलं असेल, तर पुढच्या वर्षी तेच रंग येतील असं नाही. तांबेरा आलेल्या कुंडीतली माती मात्र पुन्हा अँटिरिनमसाठी घेऊ नका. तीत दुसरं काहीतरी लावा.