अक्काचा एक जून

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं, की जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख दिसते. १ जून, १ जून, १ जून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दाखले लिहिताना ही तारीख माझ्या हाताखालून किती वेळा गेली असेल, त्याची गणती नाही.

पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं, की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला म्हणजे सहा वर्षं झाली. मग बापाला विचारत, जन्म कधीचा? बाप सांगे, पोळ्याच्या मागेपुढे, नाहीतर कापूस वेचणीला आला होता तेव्हा. गुरुजी सहा वर्षं मागे मोजत आणि १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होते, हिशोबाला सोपं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी मळ्यातल्या झोपडीत जन्मलेल्या लेकराची नोंद झाली तर झाली. म्हणून तर दरवर्षी ३१ मेला आपल्या कचेऱ्यांमध्ये आणि शाळांमध्ये निवृत्तीच्या निरोप समारंभांची रांग लागते.

माझी थोरली बहीण, माझी अक्का, अशीच एक जूनची. अमळनेरकडच्या आमच्या गावात १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी तिचं नाव शाळेत घातलं. दाखल्यावर जन्मतारीख पडली १ जून १९६६. आई मात्र सांगायची, ‘तू झालीस आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. झाडाला झोके तसेच होते, आणि माहेरवाशिणी अजून सासरी गेल्या नव्हत्या.’ म्हणजे वैशाखात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. पण तो दिवस कोणी धरला नाही आणि एक जूनही कोणी धरला नाही. माझा जन्म तालुक्याच्या दवाखान्यातला, १९७४ चा, कागदासकट. त्यामुळे वाढदिवस व्हायचा तो माझा. आणि ओवाळायची कोण? अक्का. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून चौथीनंतर तिची शाळा सुटली. मी शिकले ते तिच्या कडेवरून उतरून. हे मी वर्गात मुलींना सांगते, आज तुम्हालाही सांगते.

आम्ही पाच शिक्षिका मैत्रिणींनी चार वर्षं भिशीचे पैसे साठवले आणि २०२३ च्या मे महिन्यात व्हिएतनामला जायचं ठरवलं. अक्काला बरोबर घ्यायचं, हे माझं पक्कं होतं. ती म्हणाली, ‘कपाशी लावनी शे, मी कशी येऊ?’ बागायती कपाशीची लागवड म्हणजे आमच्याकडे एक जूनच्या सुमाराला जिवाची धावपळ. शेवटी दाजीच म्हणाले, ‘जा, मी लावतो. कपाशी दर साल येते.’ त्या चौथीच्या दाखल्यावर अक्काचा पासपोर्ट निघाला. तिच्या बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचे पापड, साजूक तुपाची छोटी बाटली आणि कुंकवाची डबी. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून विमानाने हनोई, पुढे दा नांग आणि मग मोटारीने होई आन.

होई आन हे थू बोन नदीकाठचं जुनं बंदर. पिवळ्या भिंतींची बसकी घरं, कौलांवर वेली, आणि गल्लीगल्लीत रेशमी कापडाचे आकाशकंदील. १९९९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथला प्रसिद्ध जपानी पूल आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी झाकलेला होता. पण त्यांच्या वीस हजार डोंगच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, म्हणून अक्काने ती नोट खर्चू दिली नाही. पूल पाहिला म्हणून घरी दाखवायला हवा ना!

आम्ही पोहोचलो ३१ मेला. त्या दिवशी निर्जला एकादशी, अक्काचा उपास. हॉटेलात सगळ्यांचे पासपोर्ट नोंदीसाठी काउंटरवर ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी गेलो. डोंगरांच्या कुशीत लाल विटांची महादेवाची देवळं, चंपा नावाच्या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत बांधलेली, आणि शिलालेख संस्कृतात. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातली बरीच पडली. उरलेल्यांपैकी काहींचं जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेल्यावर दगडावरची अक्षरं पाहून अंगावर काटा येतो, तसंच मला इथे झालं. अक्काने चप्पल काढली, तापलेल्या विटांवरून देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, ‘महादेव इतला दूर आयना!’

दुपारी खोलीवर परतलो. अक्काने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. टेबलावर बशीएवढा केक, बाजूला फुलं आणि एक कार्ड, त्यावर अक्काचं पूर्ण नाव. अक्का हळूच म्हणाली, ‘दुसरानी खोली शे वाटतं.’ मी कार्ड वाचून दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टवरची तारीख पाहिली होती. सत्तावन्न वर्षांत अक्काच्या नावाने आलेला तो पहिला केक, एका परक्या देशात, गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या तारखेला.

मी खाली आभार मानायला गेले. राहवलं नाही, त्या मुलीला सगळं खरं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. म्हणाली, माझ्या आजीलाही तिची तारीख ठाऊक नाही. जुन्या पद्धतीप्रमाणे आमच्याकडे तेत लागला, म्हणजे चांद्र नववर्ष आलं, की सगळ्यांचंच वय एकदम एका वर्षाने वाढतं. वर येऊन मी हे अक्काला सांगितलं. तिला ते फार आवडलं. ‘म्हनजे कोनी मांगे राहत नही,’ ती म्हणाली.

मैत्रिणी मात्र हटून बसल्या. नुसत्या केकवर भागणार नाही, औक्षण झालंच पाहिजे. एक जण बाजारात गेली आणि ओली सुपारी घेऊन आली. त्या लोकांच्या लग्नात विडा-सुपारीला मान असतो, त्यामुळे सुपारी शोधावी लागली नाही. स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ मिळाले. तबक म्हणून नाश्त्याची स्टीलची ताटली. वात कुठली आणायची? प्रथमोपचाराच्या पिशवीतला कापूस काढला. अक्का पलंगावर मांडी घालून बसली होती. तिने सवयीने कापूस मागून घेतला, पिंजून मोकळा केला, डाव्या हातात धरून उजव्या बोटांनी पीळ देत वात ओढली. एक झाली, दुसरी झाली. मग तिने विचारलं, ‘कोनले ओवायनं शे?’

खोलीत कोणी काही बोललं नाही. स्वतःच्या औक्षणाची वात ती स्वतःच वळत होती.

होई आनमध्ये चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि फक्त कंदील ठेवतात. ती रात्र नेमकी १ जूनला आली होती. आमच्या पंचांगात त्रयोदशी, वटपौर्णिमा दोन दिवसांवर. शिवाय अशा दिवसांत तिथले बरेच लोक शाकाहारी जेवतात, आणि शाकाहाराला त्यांचा शब्द आहे ‘चाय’. अक्काने दोन वाट्या भात आणि भाज्यांचं सूप पोटभर खाल्लं, वर आपली चटणी.

मग आम्ही नाव केली. वल्हवणारी बाई आमच्याच वयाची, शंकूसारखी टोपी घातलेली. नदीत लोक कागदी दिवे सोडत होते, आत मेणबत्ती तेवणारे. नाव मधोमध आली. बाईला खुणेने थांबायला सांगितलं, तिने वल्हं आडवं धरलं. पूर्व कुठली, ते चंद्रावरून ठरवलं. मी अक्काला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, मैत्रिणीची अंगठी आणि ती सुपारी ओवाळली. मग दिवा लावलेली ताटली उचलली. आणि अक्काचे दोन्ही हात पुढे आले, ताटली खालून धरायला. जन्मभर तिने ती धरलीच होती. मी म्हटलं, ‘अक्का, हात खाली ठेव.’ तिने हात मांडीवर ठेवले, आणि कुठे बघावं ते न कळून डोळे मिटून घेतले. वात वाऱ्याने आडवी होत होती, पण विझली नाही. तुपाचा वास नदीवर पसरला. नाववाली बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि तिने अक्काच्या हातात एक कागदी दिवा दिला. पैसे घेतले नाहीत.

इकडे रात्रीचे साडेआठ वाजले असतील तेव्हा, कारण ते आपल्यापेक्षा दीड तास पुढे. दाजींचा फोन आला. दिवसभर कपाशी लावून ते नुकतेच घरी आले होते. अक्का त्यांना एवढंच म्हणाली, ‘माले ओवायं.’

श्रोतेहो, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना आता जन्माचा दाखलाच लागेल. गुरुजींनी लिहिलेली एक जूनची पिढी हळूहळू संपेल. पण ती माणसं आज आपल्या घरात आहेत. आई, मावशी, काकू, थोरली वहिनी. त्यांना विचारा, तुम्ही कधी झालात? आखाजीला की कानबाईच्या सणाला? पाऊस होता की नव्हता? तारीख नाही सांगता आली, तरी त्या दिवसाचं खूप काही सांगतील. आणि सांगणारं माणूस हयात आहे तोवरच विचारा. माझी आई गेली, तेव्हा अक्काच्या जन्माची साक्ष देणारं शेवटचं माणूस गेलं. तो पहाटेचा की रात्रीचा, हे विचारायचं माझं राहूनच गेलं. त्याची हळहळ मला आजही आहे.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, आखाजी १० मेला होती. ११ ला सकाळच्या एसटीने मी अक्काच्या गावी गेले. पिशवीत तबक, निरांजन आणि होई आनची ती सुपारी, आता वाळून कडक झालेली. मी येणार असं कळवलं नव्हतं. दारात पोहोचले तर आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि अक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली.