बिल अर्धं करणारी डबी

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळ्यात आपल्या खान्देशात कूलर रात्रंदिवस चालतात आणि पुढच्या महिन्यात बिल हातात पडलं की माणूस हादरतो. नेमक्या त्याच दिवसांत आठवडे बाजारात डबीवाला उभा राहतो. "हाई डबी लावा, बिल आर्धं व्हई जाई!" वाया जाणारी वीज ही डबी पकडते म्हणे.

तो पंखा लावतो, वायरीला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवतो. मग डबी खोचतो आणि अँपिअरचा आकडा खरोखर उतरतो. यात हातचलाखी नाही. अशी एक डबी मी उघडून बघितली. आत एक कपॅसिटर, एक हिरवा दिवा आणि पोटभर हवा.

कपॅसिटर रावेर-यावलच्या केळीवाल्यांना नवा नाही. विहिरीवरच्या स्टार्टरजवळ तोच असतो. मोटारीत चुंबकत्व तयार व्हायला जो जादा प्रवाह लागतो, तो नुसता तारांमधून ये-जा करत राहतो. कपॅसिटर तो जागेवरच पुरवतो. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब गेलेल्या लाइनवरचा भार हलका होतो, व्होल्टेज थोडं सावरतं. तिथे तो हवाच. काढून ठेवणाऱ्यांशी मी भांडतो. पण घरचं मीटर युनिट मोजतं, म्हणजे प्रत्यक्ष खर्ची पडलेली वीज. ये-जा करणाऱ्या प्रवाहाचं बिल लागतच नव्हतं, तर वाचणार काय?

वाया जाणारी ऊर्जा कधीच परत मिळत नाही, असंही नाही. भुसावळहून मुंबईला जाणारी गाडी इगतपुरीनंतर कसारा घाट उतरते, तेव्हा थ्री-फेज इंजिन ब्रेक लावताना वीज तयार करून वरच्या तारेत सोडतं. शेकडो टन वजन उतारावर असतं, म्हणून ते परवडतं. स्पीडब्रेकरमधून वीज काढायची म्हटली, तर 1000 किलोची गाडी 10 सेंटिमीटर खाली आल्यावर मिळणारी सगळी ऊर्जा पकडूनही एका युनिटला साडेतीन हजारांहून जास्त गाड्या लागतील. आणि पेट्रोल जळणार गाडीवाल्याचंच!

तरी डबी घ्यावीशी वाटली, तर आधी घरच्या मीटरवरचा लाल दिवा बघा. तो 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट, असं पुष्कळ मीटरवर छापलेलं असतं. बाकी सगळं बंद करून फक्त कूलर चालू ठेवा. पाच मिनिटं लुकलुक मोजा, मग डबी लावून पुन्हा पाच मिनिटं. डबीवाल्याला शेजारी उभं करूनच मोजा, आणि पैसे त्यानंतर.