तलवारीनं बाप्तिस्मा होतो, पुढचं काय?

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं ऐकत असाल तिथनं. धर्मांतर म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत निकाल, तलवार दाखवली, धर्म बदलला, संपलं. आज लांबचं बोलूया, युरोपातलं, तिथं आपला कुणी पैपाहुणा नाही म्हणजे डोकी तापायची नाहीत.

फ्रँकांचा राजा शार्लमेन 772 साली उत्तर जर्मनीतल्या सॅक्सनांवर चालून गेला, त्यांचा इर्मिन्सुल नावाचा पवित्र खांब पाडला आणि जाता जाता तिथलं सोनंचांदी पण उचललं, धर्मकार्यात चालतंय की. हे युद्ध 804 पर्यंत चाललं. फौज आली की सॅक्सन बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घ्यायचे, फौजेची पाठ वळली की परत जुने देव. 782 ला व्हेर्डनला एका दिवसात 4500 जणांची मुंडकी उडवली असं राजाच्याच बखरीत आहे, आकडा फुगवलाय का यावर इतिहासकार अजून भांडतायत. मग कायदाच केला. बाप्तिस्मा टाळून लपलास, मरण. मेलेल्याला जुन्या रीतीनं जाळलंस, मरण. चर्चच्या उपासात मुद्दाम मांस खाल्लंस, तरी मरण. आणि वर कमाईचा दहावा हिस्सा चर्चला! मला विचाराल तर खरी आग इथंच लागली, देव बदलला तर माणूस कुरकुरत का होईना गप बसेल, पण पिकलेलं धान्य दरसाल दुसऱ्याच्या कोठारात जायला लागलं की कोण ऐकतंय?

हेच दरबारातल्या आल्क्विननं, स्वतः चर्चचा माणूस हा, 796 ला पत्रातनं कळवलं, बाप्तिस्म्याला ढकलता येतं ओ, श्रद्धेला नाही, आणि उपदेशापेक्षा वसुलीच जोरात चाललीय. पुढच्या वर्षी कायदा जरा मवाळ झाला, बऱ्याच ठिकाणी मरणाऐवजी दंड. तरी 841 ला सॅक्सनांचा उठाव झालाच, जुन्या चालीरीती परत पाहिजेत म्हणून.

आणि प्रत्येक स्वारी धर्मासाठीच असते असंही नाही, आपल्या बेळगावच्या किल्ल्याला 1472 च्या सुमारास बहमनींच्या महमूद गवाननं वेढा घातला तो गोव्याच्या भांडणातनं, आजही तिथं 1204 ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, उभी आहे आणि साफा मशीद पण.

लिथुआनियाची तर गंमतच, तिथं पण जुनेच देव. ट्यूटॉनिक सरदार, म्हणजे जर्मन ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ, क्रॉसचे झगे घालून शंभर वर्षं मोहिमा काढत राहिले, धर्म काही बदलला नाही. 1386 ला तिथला राजा योगाइला पोलंडच्या राणीशी लग्न करायचं म्हणून आपणहून बाप्तिस्मा घेऊन मोकळा, वर पोलंडची गादी पण मिळाली. आता सरदारांनी खूश होऊन घरी जायचं की नाही? ते म्हणाले हा बाप्तिस्मा खोटा, मोहिमा चालूच. शेवटी 1410 ला ग्रुनवाल्डला त्याच योगाइलानं असं हाणलं की त्यांचा मुख्य सरदारच रणात पडला.

बरं, वेळ झाला, स्पेनचं पुढच्या वेळी बोलूया. नमस्कार.