वईतली वस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात घर-वाडीभोवतीच्या कुंपणाला ‘वई’ म्हणतात. करवंदीच्या जाळ्या, निर्गुडी, अडुळसा, त्यांच्यावर चढलेली वाघाटी आणि पायाशी साचलेला पालापाचोळा अशी जिवंत वई गुरांना अडवीत असे. बुलबुलाला, मुंगसाला आणि सापसुरळीला मात्र तिच्यातून मोकळी वाट असे. आज तिच्या जागी चिऱ्याची भिंत, नाहीतर परदेशी दुरंताची कातरलेली एकसुरी रांग दिसते, तेव्हा मन हळहळते. अंगणाच्या कडेला चार-पाच फुटांची पट्टी असेल, तर अशी वई आजही उभी करता येते.

पाऊस स्थिरावला की दोन ओळींत, एका ओळीतील दोन रोपांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतील रोप येईल अशा बेताने, दोन-अडीच फुटांवर लागवड करावी. बाहेरच्या ओळीत काटेरी करवंद घ्यावी आणि तिच्या जोडीला निर्गुडी व अडुळसा लावावा, कारण या दोन्हींच्या कडवट पाल्याला शेळीही सहसा तोंड लावत नाही. निर्गुडी फांदी खोचून जगते. करवंदीचे बी मात्र ताजेच पेरावे. अडुळसा हिवाळ्यात फुलून भुंग्यांना मध पुरवतो, तर करवंदे पिकतात ती ऐन मे महिन्यात, म्हणून फुला-फळांचा हंगाम एकाच झाडावर अवलंबून ठेवू नये.

आतल्या ओळीत कढीपत्ता आणि लिंबू हवेच. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली, तर पुसण्याआधी जरा निरखून पाहा. ती बहुधा बहुरूपी फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि बोट लागताच डोक्यामागून लाल दुबेळके बाहेर काढून उग्र वास सोडते. ती थोडी पाने खाईल, ती खाऊ द्यावीत. फवारणी केली तर अळी मरते, आणि पिलांना भरवायला अळ्या शोधणारा शिंपी पक्षीही उपाशी परततो.

छाटणी पावसाळा सरल्यावरच करावी. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत या झुडपांत घरटी असतात, आणि शिंप्याचे घरटे तर दोन पानांच्या कडा कोळिष्टकाने नि कापसाने टाचलेले, हातभर अंतरावरूनही न दिसणारे असते. म्हणून कात्री लावण्यापूर्वी फांदी हलकेच बाजूला सारून, पानाच्या कडेला टाका दिसतो का, ते पाहावे.