चुणीत राखलेलं कापड

[दृश्य: सावलीतल्या दोरीवर उलटा वाळत घातलेला गुलाबी ड्रेस. वाऱ्याने चुण्या उघडतात, मिटतात.]

निवेदन:
या ड्रेसच्या योकचा, म्हणजे खांद्यापासून चुण्या सुरू होईपर्यंतच्या वरच्या भागाचा, खालचा घेर 38 इंच आहे. त्याला जोडलेली पहिली झालर उलगडली तर 84 इंच भरते, तिच्याखालची दुसरी 126 इंच. चालताना हे सगळं कापड मोकळं होतं आणि थांबलं की मुकाट जागेवर येतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की त्याचं मोल कळतं. कापड अंगाला चिकटत नाही, आत हवा खेळत राहते.

याचा पर्यावरणपूरकपणा कात्रीपासूनच सुरू होतो. कळीदार, म्हणजे वर निमुळत्या तुकड्यांचा, घेर कापला की प्रत्येक कळीशेजारी तिरकी चिंधी उरते. चुण्यांच्या घेराला मात्र नुसते आयत लागतात, काठापासून काठापर्यंत अख्ख्या पन्ह्याचे. वाया जाते ती फक्त गळ्याची आणि मुंढ्याची ओंजळभर चिंधी.

[दृश्य: गांधीबागेतलं दुकान. मलमलीचा तागा उलगडतो.]

गांधीबाग-इतवारीत सुती म्हणून समोर आलेल्या कापडात पॉलिस्टर असू शकतं. काठाचे दोन-चार धागे ओढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. मणी दिसला तर ते कापड घेऊ नका, आपल्याला हवा असलेला रंग त्यावर चढणारच नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 पासूनचं. तिथे नैसर्गिक रंगातली खादी हाताळून घेता येते. पण जाड खादीला दुप्पट घेर देऊ नका, योकखाली गठ्ठा होतो. तिला दीडपट पुरे.

छाती 34 इंच असेल तर 44 इंच पन्ह्याची साडेतीन मीटर मलमल घ्या. धुतल्यावर पन्हा 43च्या आसपास येतो, लांबीही आटते. म्हणून आधी धुवायचं, मग कापायचं. हा क्रम उलटला तर पहिल्या धुण्यातच झालर आखूड होते.

[दृश्य: स्टीलचं पातेलं, पाण्यात तांबूस रंग उतरतोय.]

आता गुलाबी. मंजिष्ठा ही वेल, आणि रंग तिच्या मुळात. एवढ्या मलमलीचं वजन साधारण 300 ग्रॅम धरा. धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळा, म्हणजे त्यातली खळ आणि तेलकटपणा निघून जाईल. मग रंग धरावा म्हणून 30 ग्रॅम मायफळाच्या (माजूफळाच्या) पाण्यात रात्रभर, पुढे 45 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आणखी एक रात्र. मायफळाऐवजी हिरडा वापरला तर त्याचा पिवळेपणा मिसळतो आणि रंग अबोलीकडे झुकतो. तोही देखणाच, पण कांदा गुलाबी हवा असेल तर मायफळच.

90 ग्रॅम मंजिष्ठेची पूड फडक्यात सैल बांधून रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर ठेवा. पाणी हाताला सोसवणार नाही इतकं गरम हवं, पण उकळी नको. उकळी फुटली की मुळातले तपकिरी अंश उतरतात आणि गुलाबीचा विटकरी होतो. लोखंडी घमेलंही नको, लोहाने रंग मळकट पडतो. तासभर कापड सतत हलवत राहा. हात थांबला की डाग पडलाच. शिवलेला ड्रेस रंगवायच्या भानगडीत पडू नका. चुण्यांच्या पोटात रंग नीट शिरत नाही आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिलाई पांढरीच राहते.

[दृश्य: शिलाई मशीन, अगदी जवळून. सुई, कापडाची कड, दोन समांतर टाके.]

इथे घाई करायची नाही. पहिल्या झालरीला 16 इंच उंचीचे दोन पन्हे, दुसरीला 20 इंच उंचीचे तीन. उभा धागा वरून खाली यायला हवा, तरच घेर सरळ पडतो. आडवा धागा उभा लागला तर चुण्या फुगून बसतात.

टाका सर्वात लांब करा, चार-पाच मिलिमीटरचा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल. कडेपासून पाव इंचावर एक शिलाई, पाऊण इंचावर दुसरी, आणि दोन्ही टोकांना बोटभर दोरा सोडलेला. एकाच शिलाईवर चुण्या ओढल्या तर त्या फिरतात, एकमेकींवर चढतात. झालर आणि योक, दोन्हींचे चार सारखे भाग करून खडूने खुणा करा, खुणेला खूण टाचणीने जोडा. आता बॉबिनचे, म्हणजे खालच्या रिळाचे, दोन्ही दोरे एकत्र धरून हळूहळू ओढा. दोरा तुटला तर गाठ मारून चालत नाही, तेवढा भाग उसवून पुन्हा टाका घालावा लागतो. म्हणून एक-एक चतुर्थांश वेगळा ओढणं बरं.

पक्की शिलाई त्या दोन टाक्यांच्या मधोमध, अर्ध्या इंचावर, चुण्यांची बाजू वर ठेवून. चुणी खाली गेली की मशीनचे कापड सरकवणारे दाते ती ओढतात आणि घडी पडते. इस्त्री करतानाही फक्त टोक चुण्यांत शिरवायचं. सपाट दाबलेली चुणी मेलेली दिसते.

[दृश्य: सीताबर्डीची संध्याकाळ. तोच ड्रेस, पायात कोल्हापुरी.]

चुण्या जिथून सुटतात तिथे नजर थांबते. त्या नितंबाच्या सर्वात रुंद भागावर आल्या तर देह रुंद दिसतो. छातीखाली किंवा कमरेवर आल्या की उंची दिसते. एवढ्या घेरावर ओढणी नको, मोठा हारही नको. चांदीचे झुमके आणि तपकिरी चामड्याची चप्पल या गुलाबीला शोभते. राणी रंगाशेजारी तो फिका पडतो, मेंदी हिरव्याशेजारी उठून दिसतो. डिसेंबरच्या गारठ्यात वरून खादीचं आखूड जाकीट घाला, योकपर्यंतच. त्याहून लांब असलं तर चुण्या झाकल्या जातात.

धुताना रिठ्याचं पाणी वापरा. लिंबू सांडलं तर लगेच धुवा, आंबटाने मंजिष्ठा पिवळट होते. वाळवायचं सावलीत आणि उलटं. तरीही काही वर्षांनी रंग उतरेल. तेव्हा शिलाई उसवून कापड सुटं करा आणि तुरटीपासून पुन्हा रंगवून घ्या.

[दृश्य: उसवणी टाक्याखाली शिरते, झालर सुटते.]

वाढत्या अंगासाठी योकच्या दोन्ही कुशींना इंचभर मार्जिन ठेवा. योक उसवून वाढवला की खालच्या चुण्या थोड्या पसरायच्या, नवं कापड लागत नाही. चपलेत अडकून आधी झिजते ती खालची झालर. ती काढून टाकली की उरते 29 इंचांची कुर्ती. आणि निघालेल्या 126 इंचांतून, झिजलेली कड सोडली तरी, बाळाची तीन-चार झबली सहज बसतात.