पवनचक्कीच्या पायथ्याशी

नाशिककर मंडळी, सिन्नरहून ठाणगावमार्गे पट्टा किल्ल्याकडे निघालं की डोंगराच्या धारेवर पवनचक्क्यांची रांग दिसू लागते. आपण मान वर करून पाती बघतो. मला आज त्यांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोलायचं आहे.

आधी एक स्पष्ट करतो. मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आपल्या शेजारीच आहे. कोळशाची वीज काय मागते, हे तिथल्या पंचक्रोशीला सांगायला नको. वाऱ्याच्या विजेला कोळसा लागत नाही, राख उरत नाही, पाणीही जवळजवळ लागत नाही. महाराष्ट्रात पाच हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल तर देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. ही वीज आपल्याला हवीच आहे. पण ती जिथे तयार होते ती पठारं सरकारी कागदावर पडीक ठरतात, आणि पडीक म्हटलं की कुणी काही विचारतच नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराचं उदाहरण घ्या. तिथे पवनचक्क्यांना वीसेक वर्षं होत आली, तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पठाराचे दोन भाग ताडून पाहिले, एक चक्क्या असलेला आणि एक नसलेला. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी होते. कापशी घार, तीसा असे पक्षी तिथलं आकाश टाळत होते. आता खाली बघा. गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवणारा एक सरडा त्या पठारावर असतो. खाणारे पक्षी उरले नाहीत म्हणून त्याची संख्या वाढली. माणूस अगदी जवळ गेला तरी तो उशिरा पळायचा, त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. ऐकायला बरं वाटतं, पण गर्दी झाली, खाणं वाटलं गेलं, आणि सरडे अंगाने खंगलेले निघाले. पात्यांनी सरड्याला हातही लावला नव्हता. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण 'पात्यांना धडकून पक्षी किती मेले' एवढ्यावरच आपली चर्चा थांबते.

दुसरं नुकसान रस्त्यामुळे होणारं. सुरुवातीच्या चक्क्या दोनअडीचशे किलोवॉटच्या होत्या. आता एकेक यंत्र दोन-तीन मेगावॉटचं असतं आणि त्याचं पातं पन्नास-साठ मीटर लांब, अखंड. ते ट्रेलरवरून डोंगरमाथ्यावर न्यायचं तर घाटाचं प्रत्येक वळण रुंद करावं लागतं, डोंगर कापावा लागतो, आणि निघालेली दगडमाती उतारावर लोटली जाते. भीमाशंकरच्या परिसरात, शेकरूच्या जंगलाजवळ हेच झालं. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी त्यावर उघडपणे लिहिलं, बोलले. ती माती पावसात खालच्या शेतात आणि ओढ्यात येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने चक्कीचा पहिला अनुभव तोच असतो.

यावर तपासणी कुठे होते? २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. म्हणजे खाणीला, धरणाला जी जनसुनावणी लागते, ती इथे लागत नाही. वनजमीन असेल तर वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते. खासगी माळरानाला तीही नाही.

मग उरतात माणसं. साक्री-नंदुरबारकडे पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली, तेव्हा त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे आदिवासी आपले दावे घेऊन उभे होते. धनगर-ठेलाऱ्यांच्या चराईच्या वाटा तर कुठल्या सातबाऱ्यावर नसतात, त्यामुळे त्या तुटल्या तरी नुकसानभरपाईचा प्रश्नच निघत नाही. कोरडवाहू गावात दलाल आधी येतो, कंपनी नंतर. एका भावाला एक भाव, दुसऱ्याला दुसरा. पैसा आला की त्याच्याभोवती दहशतही येते. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, आणि तपासात धागा गेला तो पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीकडे.

दुष्काळी भागात आणखी एक गोष्ट ऐकू येते, 'पवनचक्क्या ढग पळवतात.' हे खरं नाही. चक्कीचा मनोरा शंभर-सव्वाशे मीटरचा, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर. शिवाय यातल्या बऱ्याच चक्क्या मुळातच पर्जन्यछायेत उभ्या आहेत. पण असं म्हणणाऱ्या माणसाला मी हसत नाही. त्याच्या डोंगरावर काय येणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्याने स्वतःच कारण शोधलं.

हे आत्ताच बोलायचं कारण असं की जुन्या, लहान चक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवायचं धोरण केंद्राने २०१६ मध्येच आणलं. वाऱ्याच्या चांगल्या जागा आधीच व्यापलेल्या आहेत, त्यामुळे हे होणारच. तेव्हा पुन्हा रस्ते रुंद होतील, पुन्हा करार होतील. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, ममदापूरला काळवीट आहेत, नांदूरमध्यमेश्वरला दरवर्षी हजारो पाहुणे पक्षी उतरतात. या जागा टाळून वीजवाहिन्या कुठून न्यायच्या, हे नकाशावर आधी ठरवता येतं. पावसाळ्यात डोंगरकाप करू नये, माती उतारावर टाकू नये, चराईची वाट मोकळी ठेवावी, हे करारात लिहिता येतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत घरांपासून पाचशे मीटर अंतर सांगितलं आहे, ते ग्रामसभेत मोजून मागता येतं.

आणि यंत्राचं आयुष्य संपल्यावर जमिनीतला तो शेकडो टन काँक्रीटचा पाया कोण उखडणार, काचतंतूंची पाती कुठे जाणार, त्यासाठीची रक्कम आजच वेगळी ठेवली आहे का, हा प्रश्न सही करण्याआधी विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर ते लिहून घ्या, आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा.