स्लॅब सकाळी सहाला, रात्री अकराला नाही

सरपंचताई, पोलीस पाटील काका आणि या उन्हात मंडपाखाली बसलेली सारी मंडळी, मले भाषण-बिषण येत नाही, बांधकामावर सुपरवायझरी करण्यात आयुष्य गेलं, तर त्यातलंच, रात्री चालणाऱ्या बांधकामाच्या आवाजाबद्दल, चार शब्द बोलतो.

आता नियम काय तर ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे, अन् २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली की रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची मशिनरी चालवायची नाही. लोकांना वाटते हे मुंबई-पुण्याचं आहे. राजेहो, गावठाणात आपण राहतो, झोपतो, तो रहिवासी भाग नाही तर काय आहे? मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आकडा दहानं वाढला म्हणजे आवाजाची ताकद दहा पट होते, म्हणून "थोडासाच तर जास्त आहे" हे बोलणं खोटं. अन् शहरात लोक खिडक्या लावून एसी सुरू करतात, आपण मे महिन्यात गच्चीवर नाहीतर अंगणात खाट टाकून झोपतो, काँक्रीटचा मिक्सर अन् कान यांच्या मधात भिंतच नाही.

पण मले खरं सांगायचं ते वेगळंच आहे. रात्रीचा गोंधळ रात्री होत नाही, तो सकाळी होतो.

हिशोब पाहा. हजार स्क्वेअर फुटाचा पाच इंची स्लॅब, म्हणजे साधारण १२ घनमीटर माल, सिमेंटची ९०-१०० पोती. एका पोत्याचा मिक्सर चार मिनिटाला एक घाणा (एका वेळचा माल) काढते, तासाला पंधरा, तर साडेसहा-सात तास लागतातच. सकाळी सहाला सुरू केलं की दुपारी एकला मोकळे. पण होते काय, रेतीचा ट्रॅक्टर येते अकराला, मग मजुरांचं जेवण, मग मालकाचा मुहूर्त (मुहूर्त काढा ना बाप्पा, पण सकाळचा काढा!), सुरू होते दोनला, मधात बेल्ट तुटते, अन् रात्री दहाला अर्धा स्लॅब बाकी. तेव्हा थांबवता येते का? एकदा टाकलेला माल जमू लागला की नवा माल त्याला नीट धरत नाही, जोड कच्चा राहते, पुढं पाणी झिरपते. म्हणून मालक ऐकत नाही, अन् त्याचंही चुकत नाही. शेजारी ११२ लावते, पोलीस येतात, मग वर्षभर बोलणं बंद.

उन्हाळ्याचं तर उलट फायद्याचंच आहे. दुपारच्या ४५ डिग्रीत काँक्रीट भराभर सुकते, तडे जातात, घमेलं उचलणाऱ्या बायांचे हाल होतात ते वेगळे. सकाळी सहाची वेळ कायद्याला चालते, मजुराला चालते, काँक्रीटलाही चालते. मग काऊन नाही करायचं? पाचला आलेल्यांनी गिट्टी भिजवावी, पाणी भरावं, त्याचा कोणाला त्रास नाही.

म्हणून माझं म्हणणं, ग्रामपंचायतीकडे बांधकामाचा अर्ज आला की तेव्हाच लिहून घ्या: रेती-गिट्टी-सिमेंट आदल्या दिवशी जागेवर, मिक्सर सहाला, अन् सकाळी दहापर्यंत सुरू झाला नाही तर स्लॅब दुसऱ्या दिवशी. हा कायदा नाही, गावाची समजूत आहे, तंटामुक्ती समितीनं लक्ष ठेवावं. टाइल्सचा कटर अन् ब्रेकर वेगळी गोष्ट, ती कामं थांबवता येतात, तर दिवसाच, अन् कटर पाण्यावर चालवा, आवाज थोडा अन् धूळ बरीच कमी होते. जनरेटर आणायचा तर कॅनोपीवाला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पेटीतला आणा, उघडं इंजिन नको. शाळेजवळ असेल तर परीक्षेच्या दिवसांत थोडी माणुसकी दाखवा, एवढंच.

तक्रार करायचीच असेल तर मोबाइलच्या ॲपवरचा आकडा दाखवत बसू नका, तो अंदाज असते. रात्रीचं बंधन मोडलं तर आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त आहे की नाही हे सिद्ध करायची गरजही नाही, वेळ अन् जागा लिहून द्या, व्हिडिओ ठेवा.

मागून एका भाऊंनी विचारलं, बोअरची गाडी तर रात्रीच मिळते, तिचं काय? बरोबर आहे, गाडी एका गावातून दुसऱ्या गावात फिरते अन् एजंट म्हणते आज रात्री नाहीतर पुढच्या महिन्यात. पण तो कॉम्प्रेसर मिक्सरपेक्षा वाईट आहे भाऊ. शेतात असेल, वस्तीपासून दूर असेल तर ठीक. घराच्या मागं घ्यायचा असेल तर ॲडव्हान्स देतानाच दिवसाची वेळ ठरवा, अन् एका गल्लीत तिघांना बोअर घ्यायचे असतील तर तिघांनी मिळून गाडी बोलवा, तीन कामं एका जागी मिळाली तर एजंट दिवसा थांबते.